कोपऱ्यातलं कोपर

मार्च सरता सरता नाखालोव्कातल्या आमच्या अंगणात
आलुचा फुलतो. आधी फुलं, मग पानं,
कुणी आधी हसून घ्यावं
आणि कारण मागाहून सांगावं तसा.

पण उभं राहायचं कुठं?
डावीकडून गेलं तर गॅसची पिवळी नळी
बरोब्बर फांद्यांच्या गळ्यातून जाते.
उजवीकडून, चाकं काढलेली झिगुली,
विटांवर टेकलेली, टपावर कांद्याची रोपं.
खाली बसलं तर वर तीन डिश अँटेना
आणि कुणाचातरी गुंडाळलेला गालिचा.
जिन्यावरून पाहावं तर कप्पीची दोरी,
दोरीवर शेंगेलियांचा सगळा आठवडा:
विजारी, चादरी, मोज्यांची एक जोडी,
जी कधीच एका रंगाची नसते.

अकरा वर्षं हेच करत आले.
औषधांच्या दुकानातली रात्रपाळी संपवून,
हाताला आयोडीनचा वास घेऊन यायचं
आणि सातच्या आत, कपडे वाळत पडायच्या आत
झाडाला एकटं गाठायचं.
झाड काही एकटं सापडलं नाही.
मग घरी बसून कापायचं.
नळी काप, दोरी काप, डिशचा कान काप.
उरायचं तळहाताएवढं आभाळ
आणि त्यावर चार फुलं.
ती मी भिंतीवर लावायचे.
पाहुण्यांना वाटायचं, डोंगरात जाऊन आले.
मी नाही म्हणत नसे.

जानेवारीत पहिल्या मजल्यावरचा वाझा गेला.
चाळिसावा झाला, अंगणातली टेबलं उचलली,
आणि त्सियाला दोन जिने चढून वर आली.
बसली नाही. म्हणाली,
तू झाडाचे फोटो काढतेस ना,
सकाळी तो बाल्कनीत सिगारेट ओढायचा.
तुझ्या एखाद्यात आला असेल, बघ.

काय सांगणार होते?
अकरा वर्षं मी त्यालाच कापत होते.

जुनी हार्ड डिस्क घरघरत राहिली रात्रभर.
पहाटे कुठल्याशा वसंतात, नळीच्या मागं,
कोपऱ्यात एक कोपर.
करड्या स्वेटरचं, कठड्यावर टेकलेलं,
वर धूर, नाहीतर फोकस चुकलेली फुलं.
खांदा नाही, चेहरा नाही.
कोपराला गूळ म्हणतात
तो हाच असावा.

मोठा करून छापला, खाली घेऊन गेले.
तिनं चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला,
जवळ धरला, लांब धरला.
हा तो नाही, म्हणाली.
हा जेमाल. डिश बसवायला आला होता मेला.
पैसे पुरते घेतले आणि चॅनेल दोनच लागले.

मी फोटो परत घ्यायला हात पुढं केला.
थांब.
ही माझी निळी बादली!
हिची कडी तुटली तेव्हा त्यानं तार गुंडाळली होती,
चांगली नवी आणली असती, पण ऐकेल तर ना.
तार बघ, दिसते.
तिच्या नखाखाली खरंच तार होती,
केसाएवढी.

आता तो फोटो तिच्या फ्रिजवर आहे.
जेमालचं कोपर तिनं
लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली झाकलंय.
फुलं आहेत तिथंच. त्यांच्याबद्दल ती
एक अक्षर बोललेली नाही.

यंदा थंडी लांबली. फुलं आज आली.
मी मागं सरकले, अजून मागं,
गॅरेजच्या पत्र्याला पाठ लागेपर्यंत.
नळी आली, झिगुली आली, दोरी आली,
रिकामी बाल्कनी आली.
शेंगेलियांचा धाकटा मध्येच येऊन थबकला,
तोंडात पाव.
बाजूला होऊ का?
नको म्हटलं, तू खा.

झाड जरा लहान आलंय.